सॉफ्टवेअरची शाकारणी

मे महिन्याचा दुसरा आठवडा. देवगडच्या आमच्या घरावर माणसं चढली होती. फुटकी कौलं उतरवायची, वाळवीने खाल्लेल्या रिपा बदलायच्या, आढ्यावरचं निघालेलं सिमेंट पुन्हा भरायचं. मी पडवीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि वरून डोक्यावर वर्षाची धूळ पडत होती. खळ्यात उभं राहून देखरेख करणाऱ्या काकांनी विचारलं, "तू काय करतंस रे?"

"माझीपण शाकारणीच चालू आहे," मी म्हटलं.

त्यांना ती थट्टा वाटली. मग मी सांगितलं की जगभर फुकट वाटल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक प्रचंड साठा आहे, त्यातली काही पॅकेजं मी सांभाळतो. ती सगळी ज्या अवजाराने बांधली जातात, त्या अवजाराची नवी आवृत्ती आली आहे आणि जुन्या पद्धतीची पॅकेजं तिच्यावर बसत नाहीत. काकांनी दोन क्षण विचार केला. "सगळा बरा चलता, मगे बदलूक कित्याक व्हया?"

या विषयावर विचारता येईल असा हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. त्याचं उत्तर मात्र पडवीत उभ्याउभ्या देण्यासारखं नाही.

प्रोग्रॅमर जे लिहितो तो सोर्स कोड. तो माणसाला वाचता येतो, पण यंत्र तो थेट चालवू शकत नाही. तो यंत्राच्या भाषेत उतरवून देतो कंपायलर. आता खऱ्या कामाच्या प्रोग्रॅममध्ये शेकडो, कधी हजारो फायली असतात. कुठली आधी उतरवायची, बाहेरच्या कुठल्या लायब्ररी (म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड) लागतात, त्या या मशीनवर आहेत का आणि असल्या तर कुठे, तयार झालेला माल कुठल्या फोल्डरात ठेवायचा, हे दर वेळी हाताने सांगत बसणं अशक्य. म्हणून हे सगळं एका फायलीत लिहून ठेवतात आणि ती वाचून काम करवून घेणारा एक मुकादम नेमतात. हा मुकादम म्हणजे बिल्ड टूल. मेक, ऑटोकॉन्फ, मेसन, सीमेक ही त्यांतली नावं. या लेखात मुख्यतः सीमेक येईल, कारण गेल्या काही काळात सगळ्यांना कामाला लावलं ते त्याने.

सीमेकची सुरुवात २००० साली झाली. किटवेअर नावाच्या अमेरिकी कंपनीने तो आयटीके या वैद्यकीय प्रतिमा हाताळणाऱ्या प्रकल्पासाठी लिहिला. त्यामागचा पैसा अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा होता. एकच मजकूर विंडोजवरही बांधता यावा आणि युनिक्सवरही, एवढाच हेतू. २००६ च्या सुमारास केडीई या मोठ्या प्रकल्पाने तो उचलला आणि मग बघता बघता तो सगळीकडे झाला. आज एलएलव्हीएम, ओपनसीव्ही, मारियाडीबी असे मोठे प्रकल्प सीमेकवर बांधतात. सरकारी कचेऱ्यांतही नकाशांसाठी वापरलं जाणारं क्यूजीआयएस त्याच्यावरच आहे. समुद्रात बोटीवर नकाशा दाखवणारा ओपनसीपीएनसुद्धा.

आणि साठा म्हणजे? माझ्यापुरता डेबियन, म्हणजे लिनक्सवर उभी असलेली एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्याबरोबरचा सॉफ्टवेअरचा साठा. इयन मर्डॉकने १९९३ मध्ये तो सुरू केला आणि आजही तो स्वयंसेवकांच्या जिवावर चालतो. ९ ऑगस्ट २०२५ ला त्याची तेरावी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात ६९,८३० पॅकेजं आहेत. एका सोर्समधून बरेचदा अनेक पॅकेजं निघतात, त्यामुळे मुळातले प्रकल्प याहून कमी, पण तरी ते हजारोंनी मोजायचे. यातला बहुतेक माल डेबियनने लिहिलेला नाही. तो जगभरच्या लोकांनी लिहिलाय. डेबियनची माणसं तो आणतात, एकमेकांशी जुळेल असा बांधतात आणि वाटतात. प्रत्येक पॅकेजला एक सांभाळणारा असतो, त्याला मेंटेनर म्हणतात. फेडोरा, जेंटू, फ्रीबीएसडी यांच्याकडेही असेच साठे आहेत आणि पुढचा सगळा त्रास त्यांनीही भोगलाय.

आता त्या एका ओळीकडे येऊ, जिच्यामुळे हे सगळं रामायण घडलं.

सीमेकच्या फायलीत अगदी वरच एक वाक्य असतं: मला निदान अमुक आवृत्तीचा सीमेक हवा. बहुतेकांना वाटतं, याचा अर्थ एवढाच की त्याहून जुना चालणार नाही. पण ते वाक्य आणखी एक गोष्ट सांगतं: मी त्या काळात लिहिलेली फाइल आहे, माझ्याशी त्या काळच्या रीतीने वाग. सीमेकने जेव्हा जेव्हा आपलं एखादं वागणं बदललं, तेव्हा जुनी रीत लगेच टाकून दिली नाही. दोन्ही ठेवल्या आणि त्या बदलाला एक क्रमांक दिला. याला ते पॉलिसी म्हणतात. फायलीत २.८.१२ लिहिलेलं दिसलं, म्हणजे २०१३ चा काळ, तर दहा वर्षांनंतरचा सीमेकही तिच्यापुरता २०१३ सारखा वागायचा. सासूबाई माजघरात असेपर्यंत सोवळं पाळणाऱ्या सुनेसारखा.

ही सोय फार मोठी होती आणि महागही. एकेक जुनी रीत जपायची म्हणजे ती तपासत राहायची, नवीन काही घालताना तिला धक्का लागत नाही ना हे बघायचं. अशा साठाहून अधिक रीती साठल्यावर सीमेकवाल्यांनी हात टेकले. नोव्हेंबर २०२० च्या ३.१९ मध्ये त्यांनी २.८.१२ च्या आधीच्या फायलींना इशारा द्यायला सुरुवात केली. जुलै २०२३ च्या ३.२७ पासून तो ३.५ च्या आधीच्या सगळ्यांना मिळू लागला. आणि मार्च २०२५ च्या शेवटी आलेल्या ४.० मध्ये जुन्या रीती काढून टाकल्या. ज्या फायलीत ३.५ पेक्षा कमी आकडा लिहिलाय, ती वाचायलाच नकार. ३.५ ही आवृत्ती मार्च २०१६ ची, म्हणजे नऊ वर्षं जुनी. त्यांनी घाई केली असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

मग एवढी वर्षं इशारा मिळत असूनही लोकांनी ती ओळ का बदलली नाही? कारण तो इशारा कुणी पाहिलाच नाही. मोठ्या साठ्यात पॅकेज बांधायचं काम रात्रंदिवस चालणारे सर्व्हर करतात. बांधणी झाली की लॉग नावाची हजारो ओळींची फाइल मागे राहते. बांधणी फसली तरच माणूस ती उघडतो. यशस्वी बांधणीच्या लॉगमधला पिवळा इशारा म्हणजे कुलूप लावलेल्या घरासमोर पिटलेली दवंडी.

काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे द्यायला हवं, कारण तो प्रश्न खरा आहे. सीमेक ४ आल्याने कुणाच्याही संगणकावरचा चालता प्रोग्रॅम बंद पडला नाही. एकदा बांधून झालेल्या प्रोग्रॅमला मुकादमाची गरज उरत नाही. आमच्या गावात जुन्या नळ्यांची घरं होती, हाताने थापलेल्या नळीच्या कौलांची. मंगलोरी कौलं आली, नळे भाजणारा कुंभार थांबला, तरी दुसऱ्या दिवशी कुणाचं घर गळायला लागलं नाही. गळायला लागलं ते जुलैत माडाची झावळ पडून चार नळे फुटले तेव्हा. तेव्हा बदली नळा मिळेना. मंगलोरी कौल त्या जागी बसवावं तर त्याच्या मागचा दात रिपेवर अडकायला हवा आणि रिपा मारलेल्या नळ्यांच्या हिशेबाने. म्हणजे भर पावसात चार नळ्यांसाठी अख्खं पाखं उघडायची वेळ.

सॉफ्टवेअरमध्ये तो जुलै म्हणजे सुरक्षेतलं भगदाड सापडण्याचा दिवस. कुठल्यातरी लायब्ररीत दोष निघतो, दुरुस्ती तीन ओळींची असते, ती घालून ताबडतोब पॅकेज पुन्हा बांधून द्यायचं असतं. आणि नेमकं तेव्हा कळतं की हे पॅकेज तीन वर्षांत कुणी बांधलेलंच नाही आणि आजच्या अवजाराने ते बांधलं जात नाही. हे टाळण्यासाठी मे महिना.

मे महिन्याचंही डेबियनला एक कॅलेंडर असतं. नवी आवृत्ती निघायच्या आधी काही महिने तिथे टप्प्याटप्प्याने फ्रीझ, म्हणजे बदलांवर बंदी, लागतो. त्यात सगळ्यात आधी हात बांधले जातात ते अवजारांचे. तेराव्या आवृत्तीसाठी हा टप्पा मार्च २०२५ च्या मध्यात लागला आणि सीमेक ४ त्यानंतर दोन आठवड्यांनी आला. तो आत घ्यावा असं कुणी सुचवणं शक्यच नव्हतं. मिरगाच्या तोंडावर कोणी पाखं उघडत नाही. म्हणून तेराव्या आवृत्तीत सीमेक ३.३१ आहे आणि चारची कामं पुढच्या आवृत्तीच्या खात्यावर गेली.

आधी मोजणी

काम हातात घेतल्यावर पहिला प्रश्न: नेमकी किती घरं गळणार? सोपा वाटणारा मार्ग म्हणजे शोध. डेबियनच्या सगळ्या सोर्समध्ये एका वेळी शोधता येतं, तेव्हा ३.५ पेक्षा लहान आकडा असलेल्या फायली शोधायच्या आणि यादी करायची. हा मार्ग फसवा आहे. बऱ्याच प्रकल्पांच्या पोटात दुसऱ्या प्रकल्पांच्या नकला ठेवलेल्या असतात आणि त्यातल्या कित्येक बांधणीत वापरल्याच जात नाहीत. त्यांच्या फायलींत जुना आकडा सापडतो, पण त्याने कुणाचं बिघडत नाही. उलट कुठे ती फाइल बांधणी चालू असतानाच तयार होते, ती शोधात दिसतच नाही. थोडक्यात, खाली उभं राहून कौलं मोजता येत नाहीत. वर चढावं लागतं.

वर चढणं म्हणजे प्रत्येक पॅकेज खरोखर बांधून बघणं. नवं अवजार आधी डेबियनच्या एक्सपेरिमेंटल नावाच्या बाजूच्या कोठारात ठेवतात. तिथून ते घेऊन, भाड्याने किंवा देणगीत मिळालेल्या भरपूर यंत्रांवर, सीमेक वापरणारी सगळी पॅकेजं बांधायला लावतात. फेडोरावाले याला मास रीबिल्ड म्हणतात, फ्रीबीएसडीवाले एक्स्प-रन.

इथे नवखा माणूस हमखास एक चूक करतो. मीही केली आहे. नव्या अवजाराने बांधून जे फसलं ते सगळं नव्या अवजाराच्या नावावर टाकायचं, ही ती चूक. एवढ्या मोठ्या साठ्यात कुठल्याही दिवशी बरीच पॅकेजं आपापल्या कारणांनी फसत असतात. कुणाच्या चाचणीत वापरलेलं प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालेलं असतं. कुणाला बांधणीत इंटरनेट हवं असतं, जे मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. कुणाला जास्त मेमरी लागते. काही तर पाच वेळा बांधली की चार वेळा होतात. म्हणून बांधणी दोनदा करायची. त्याच आठवड्यात, त्याच यंत्रांवर, एकदा जुन्या अवजाराने आणि एकदा नव्याने. जुन्याने झालं आणि नव्याने फसलं, तेवढंच आपलं. जुन्यानेही फसलं तर ते गळणं आधीचं, त्याची तक्रार वेगळी. हा भेद पाळला नाही तर मेंटेनरला खोटी तक्रार जाते. तो एकदा वैतागला की पुढची खरी तक्रारही वाचत नाही. यात यंत्राचा वेळ दुप्पट जातो, पण माणसाच्या वेळापुढे तो स्वस्तच.

उरलेले लॉग मग वाचायचे. त्यात सीमेकचं कौतुक करायला हवं. चारचा नकार अगदी स्पष्ट शब्दांत येतो: ३.५ च्या आधीची सुसंगतता काढली आहे, ही ओळ बदला. असा ठरलेला मजकूर असला की लॉग यंत्राकडून निवडून घेता येतात. फक्त एक गोम आहे. सीमेक पहिल्या नकारालाच थांबतो. वरची ओळ दुरुस्त करून पुन्हा चालवलं की पोटातल्या पहिल्या नकलेत अडकतो, ती केली की दुसऱ्या. कांद्यासारखं सोलत जायचं आणि डोळ्यांतून पाणीही येतं.

यादी तयार झाली म्हणून लगेच शेकडो तक्रारी ठोकून द्यायच्या नसतात. एकाच प्रकारच्या ढीगभर तक्रारी पाठवण्याआधी सगळ्यांपुढे मसुदा आणि यादी ठेवायची, ही डेबियनची रीत आहे. मला ती फार आवडते. तक्रारीत काय फसलं, लॉग कुठे आहे आणि बहुतेक वेळा काय केल्याने सुटतं, हे तिन्ही लिहिलेलं असतं. सुरुवातीला तक्रारीची तीव्रता 'महत्त्वाची' एवढीच, कारण नवं अवजार अजून बाजूच्या कोठारात आहे. ते मुख्य कोठारात यायची वेळ आली की तीच तक्रार 'गंभीर' होते. गंभीर तक्रार तशीच पडून राहिली तर ते पॅकेज, सूचना देऊन, पुढच्या आवृत्तीच्या तयारीतून आपोआप बाहेर जातं. म्हणजे मुदत असते, पण ती आधी सांगितलेली असते.

एक ओळ, आणि तिची शेपटी

"एक ओळ तर बदलायची आहे," असं म्हणणाऱ्यांसाठी माझ्या हातून झालेली गोष्ट सांगतो.

एका लहानशा लायब्ररीत २.८ लिहिलं होतं. मी ते ३.१० केलं. बांधून बघितलं, सगळं हिरवं. पाठवून दिलं आणि चहा प्यायला गेलो. तिसऱ्या दिवशी भलत्याच पॅकेजच्या मेंटेनरने विचारलं, तुमच्या लायब्ररीची आवृत्ती रिकामी का येते?

झालं असं होतं. मूळ लेखकाने फायलीच्या वरच्या भागात आवृत्तीचा आकडा एका नावात साठवून ठेवला होता आणि त्याच्या खाली प्रकल्पाची घोषणा केली होती. जुन्या रीतीत ती घोषणा त्या नावाला हात लावत नसे. नव्या रीतीत, म्हणजे ३.० पासून, घोषणेतच आवृत्ती सांगायची असते. नाही सांगितली तर सीमेक समजतो की आवृत्ती नाही आणि ते नाव पुसून कोरं करतो. मी आकडा २.८ वरून ३.१० वर नेला, तेव्हा नकळत ही नवी रीत चालू केली. लायब्ररी बांधली गेली, चाललीही. पण तिच्याबरोबर जी ओळखपत्रासारखी छोटी फाइल जाते, तिच्यात आवृत्तीपुढे काहीच नव्हतं. 'मला ही लायब्ररी निदान १.२ हवी' असं म्हणणारं प्रत्येक पॅकेज तिथे अडलं.

दुरुस्ती साधी होती, आकडा उचलून घोषणेत टाकला. पण आकडा वाढवणं म्हणजे मधल्या सगळ्या वर्षांच्या रीती एका झटक्यात मान्य करणं, हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं. तेव्हापासून मी आकडा बदलला की आधीचं पॅकेज आणि नंतरचं पॅकेज उघडून शेजारी शेजारी ठेवतो. कुठल्या फायली आल्या, कुठल्या गेल्या, कुठल्या बदलल्या. यासाठी डिफोस्कोप नावाचं एक सुंदर अवजार आहे. एकाच सोर्समधून कुठेही बांधलं तरी तंतोतंत तोच माल निघावा, या डेबियनमधल्या खटपटीतून ते जन्मलं. ती खटपट इथे फार उपयोगी पडते. नाहीतर बांधणीच्या तारखा-वेळांसारखे निरर्थक फरकच शेकड्यांनी दिसतात आणि खरा फरक त्यात बुडतो.

आकडा लिहायचीही एक चांगली पद्धत आहे. एकच आकडा न देता पल्ला द्यायचा: ३.१० पासून ४.० पर्यंत. म्हणजे निदान एवढं हवं आणि इथपर्यंतच्या रीती मी तपासल्या आहेत. नुसतं ३.५ लिहून सुटका करून घेणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हे लक्षात घ्यावं की नोव्हेंबर २०२४ च्या ३.३१ पासून ३.१० च्या खालच्यांनाही इशारा सुरू झालाय. पुढची शाकारणी कुठे येणार, हे सीमेकने आधीच सांगून ठेवलंय.

चूक उघड फसण्यापेक्षा गुपचूप बिघडते तेव्हा जास्त भीती. सीमेक सोडून दुसरं उदाहरण देतो. मे २०२४ मध्ये जीसीसी १४ हा कंपायलर आला. आधी कुठेही जाहीर न केलेलं फंक्शन कुणी वापरलं तर जुना जीसीसी कुरकुर करून पुढे जायचा. चौदाव्याने ती थेट चूक ठरवली. हे योग्यच. पण ऑटोकॉन्फच्या पद्धतीत 'या मशीनवर अमुक सोय आहे का' हे ठरवायला एक चिमुकला प्रोग्रॅम बांधून बघतात. बांधला गेला तर सोय आहे, नाही तर नाही. असे कित्येक चिमुकले प्रोग्रॅम वर्षांपूर्वी निष्काळजीपणे लिहिलेले होते. नव्या कंपायलरने ते नाकारले आणि निष्कर्ष निघाला, सोय नाही. मुख्य प्रोग्रॅम ती सोय वगळून आनंदाने बांधला गेला. लॉगमध्ये एकही लाल ओळ नाही. म्हणून अशा बदलाच्या वेळी 'बांधलं गेलं का' एवढंच न विचारता चाचपणीची उत्तरंही जुन्या-नव्याची ताडून बघावी लागतात. फेडोराच्या लोकांनी हे काम जीसीसी १४ यायच्या बरंच आधीपासून चिकाटीने केलं, त्यामुळे बाकीच्यांचा त्रास कमी झाला.

बांधणीच्या फायली कुणी वाचत नाही, याचा फायदा वाईट हेतूनेही घेता येतो. फायली आवळून लहान करणाऱ्या एक्सझेड या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदार घातल्याचं मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलं, तेव्हा त्या चोरदाराकडे नेणारं पहिलं पाऊल लपवलेलं होतं ते बांधणीच्याच एका कंटाळवाण्या फायलीत. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला लॉगिन अर्धा सेकंद हळू का होतंय याचा संशय आला म्हणून ते सापडलं.

ताडपत्री

सीमेक ४ मध्ये एक पळवाट आहे. बाहेरून एक सेटिंग देता येतं: फायलीत काही का लिहिलेलं असेना, ती ३.५ ची आहे असं समज. फायलीला हात लावायला नको, बहुतेक पॅकेजं लगेच बांधली जातात. ही आमची निळी ताडपत्री.

मग साठ्याच्या मध्यवर्ती यंत्रणेतच हे सेटिंग टाकून सगळ्यांना एकदम झाकून टाकावं का? याच्या बाजूने बोलणारे मूर्ख नाहीत. शेकडो स्वयंसेवकांचे तास वाचतात, हा खरा मुद्दा आहे. तरी माझं मत विरुद्ध आहे. सगळ्या गावावर एक ताडपत्री ओढली की कुठलं घर गळतंय हेच दिसेनासं होतं आणि सीमेक पुढच्या वेळी ३.१० ची रेघ ओढेल तेव्हा मोजणी पहिल्यापासून. शिवाय वर सांगितलेली रिकाम्या आवृत्तीची भानगड ताडपत्रीखालीही होतेच, कारण तीही नव्या रीतीच चालू करते. एकेका पॅकेजला, का लावली आणि केव्हा काढायची हे लिहून, लावायला माझी हरकत नाही. घरी बसून एखादा जुना प्रोग्रॅम बांधणाऱ्याने तर खुशाल लावावी.

दुसरी पळवाट म्हणजे जुनं अवजारही शेजारी ठेवणं. ऑटोकॉन्फच्या बाबतीत हे झालंय. त्याची २.१३ आवृत्ती १९९९ ची. २००१ मध्ये २.५० आली आणि जुन्या फायलींना ती झेपेना. फायरफॉक्स तर त्यानंतरही जवळजवळ वीस वर्षं २.१३ वरच होता, तेव्हा डेबियनला तिचं वेगळं पॅकेज ठेवावं लागलं. परसात रचून ठेवलेल्या जुन्या नळ्यांचा ढीग असतो ना, तसं. उपयोगी पडतो, पण त्यात विंचूही होतात. जुन्या अवजारालाही कुणीतरी सांभाळावं लागतं.

बंद घरं

आतापर्यंतचं सगळं यंत्रांनी करता येतं. खरी अडचण माणसांची आहे आणि ती कोकणातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आमच्या वाडीत अर्धी घरं बंद आहेत. मालक मुंबईला. कुणी गणपतीला आठ दिवस येतो, कुणी दोन वर्षांनी, कुणाचा पत्ताच नाही. साठ्यातल्या पॅकेजांचं अगदी हेच आहे. मूळ लेखकाने कॉलेजात असताना लिहिलेलं असतं, आता तो दुसऱ्या नोकरीत, दुसऱ्या देशात. दुरुस्ती त्याच्याकडे पाठवायची हा पहिला नियम, कारण ती त्याने घेतली तर डेबियन, फेडोरा सगळ्यांचंच काम होतं. पण कित्येकदा उत्तर येत नाही. मग दुरुस्ती पॅच म्हणून आपल्याच पॅकेजात बाळगायची, वर्षानुवर्षं.

आणि मेंटेनरही चाकरमानीच. पगार नाही, घरदार आहे, आजारपणं आहेत. त्याने दोन महिने उत्तर दिलं नाही म्हणून त्याला रागावण्यात अर्थ नसतो. अशा वेळी डेबियनमध्ये शेजाऱ्याला किल्ली असते. दुसरा कुणी त्या पॅकेजात तेवढीच दुरुस्ती करून पाठवू शकतो. पण ती लगेच आत जात नाही. पाच किंवा दहा दिवस रांगेत थांबते, तशी सूचना मालकाला जाते, आणि तेवढ्यात तो जागा झाला तर स्वतः करतो किंवा थांबवतो. शेजाऱ्याने फुटकं कौल बदलायचं, भिंतींना रंग काढत बसायचं नाही, हाही नियम आहे. मी अशा दहा-बारा दुरुस्त्या पाठवल्या असतील. चार-पाच मालकांनी आभार मानले, एकाने दहाव्या दिवशी थांबवून अगदी तेच स्वतः केलं, बाकीचे गप्प.

काही घरं मात्र पाडावी लागतात. वापरणारं कुणी उरलेलं नाही, लेखक नाही, मेंटेनर नाही, त्याच कामाचं दुसरं चांगलं पॅकेज आहे. मग ते साठ्यातून काढायची विनंती करायची. मला स्वतःला हे लवकर करणं आवडतं आणि त्यावरून माझे वादही झालेत. कुणीतरी म्हणतंच, असू दे ना, कुणाचं काय घेतंय? घेतं. पुढच्या मोजणीत तेही यंत्रावर चढतं, त्याचाही लॉग कुणीतरी वाचतं.

आमच्या छपराचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यात आटपलं. गोठ्याच्या कोपऱ्यावर पंधरा-वीस कौलं कमी पडली आणि गाडी येईपर्यंत आभाळ भरून आलं. माझ्या यादीत तेव्हा तीन पॅकेजं उरली होती. दोन रांगेत दहा दिवसांसाठी सोडली होती. तिसऱ्याच्या पोटात सात नकला निघाल्या, चौथीपर्यंत सोलून झाल्या आणि वीज गेली. रात्री ती आली तेव्हा मी पॅकेजात ताडपत्रीची ती ओळ टाकली आणि तिच्यावर कारण लिहिलं. काका गोठ्यावर निळं कापड सुंभाने बांधून आले होते आणि पायरीवर पाय धूत होते. "गणपतीपर्यंत ऱ्हवांदे तसाच," ते म्हणाले. मी कारणाच्या ओळीपुढे तारीखही घातली.